गोळीत काय मळलंय

वहिनींनी मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं. चहा कधीच उकळून झाला होता. त्यांनी फडताळातल्या डाळींच्या डब्यांमागून कंदी पेढ्यांचा एक रिकामा खोका काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढं धरला. आत गोळ्यांची बारा पाकिटं. एकही गोळी फोडलेली नाही.

"वन्सं, आता तुम्हीच बघा. मला रोज सांगत्यात, घेतली म्हणून."

पाकिटं ओळखायला वेळ लागला नाही, मीच धाडलेली होती. दर महिन्याला साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या दुकानातून तीन पाकिटं घ्यायची आणि शनिवारी गावी जाणाऱ्या पुतण्याच्या पिशवीत टाकायची, हा माझा तीन वर्षांचा नेम. बारा पाकिटं म्हणजे एकशे वीस गोळ्या. चार महिने. बाहेर पडवीत दादा मोबाइलवर आल्याचा भाव बघत बसला होता. फेब्रुवारीचे दिवस, काढणी चालू होती, अंगणात मातीचा आणि ताज्या आल्याचा झणझणीत वास भरलेला. दादाची प्रकृती बघून कुणी म्हटलं नसतं की या माणसाला काही आजार आहे. रक्तदाबाची तीच तर पंचाईत आहे.

मी माझं यंत्र बरोबर आणलं होतं. दंडाला पट्टा बांधला. १७६/१०२.

"यंत्र बिघडलंय तुझं," दादा म्हणाला.

मी तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. १३२/८४. तो बघत राहिला आणि मग म्हणाला, "शहरातल्या माणसाला बरोबर दावतंय."

हसू आलं, पण मी खोका त्याच्यापुढं ठेवला. तो वहिनींकडं रागानं बघेल असं वाटलं होतं. त्यानं शांतपणे मोबाइल माझ्या हातात दिला. मामाच्या मुलानं पाठवलेला संदेश होता. बीपीच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, परदेशात गोळ्या परत मागवल्या, आपल्याकडं मात्र खुशाल विकतात, पुढं पाठवा, घरच्यांचा जीव वाचवा. खाली हात जोडलेली चित्रं.

"आता तू केमिस्ट्रीची मास्तरीण. सांग, खोटं हाय का ह्ये?"

मी सत्तावीस वर्षं साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. अकरावी-बारावीच्या पोरांनी असंख्य भलते प्रश्न विचारले असतील, पण "खोटं हाय का ह्ये" इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळंच खोटं असतं तर माझं काम सोपं होतं.

बारावीला अमाइन नावाचा धडा असतो. त्यात नायट्रस आम्लाची अभिक्रिया येते. प्राथमिक अमाइन असेल तर नायट्रोजनचे बुडबुडे निघतात. दुय्यम अमाइन असेल तर पिवळा तेलकट द्रव तयार होतो, त्याचं नाव नायट्रोसोअमाइन. दोन गुणांचा प्रश्न. दरवर्षी मी फळ्यावर लिहायची, "पिवळा तेलकट द्रव", आणि खाली दोन रेघा मारायची, कारण पोरं रंग लिहायला विसरतात आणि अर्धा गुण जातो. तो पिवळा तेलकट द्रव उद्या माझ्याच औषधाच्या डब्यात येऊन बसेल, असं मनात यायचं काही कारण नव्हतं.

जुलै २०१८ मध्ये ते झालं. व्हॅल्सार्टन नावाचं बीपीचं औषध युरोपातून आणि मग अमेरिकेतून परत मागवायला सुरुवात झाली. चीनमधल्या झेजियांग हुआहाई या कंपनीनं बनवलेल्या मूळ द्रव्यात एनडीएमए सापडलं होतं. म्हणजे एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन. माझा दोन रेघांचा द्रव. व्हॅल्सार्टनच्या रेणूत एक पंचकोनी कडी असते, एका कार्बनला चार नायट्रोजन, तिला टेट्राझोल म्हणतात. ती कडी जोडण्याची पद्धत कंपनीनं २०१२ च्या सुमारास बदलली. नव्या पद्धतीत डीएमएफ हा द्रावक होता, आणि कडी जोडायला वापरलेलं अझाइड उरलं तर ते संपवायला शेवटी सोडियम नायट्राइट घालत होते. डीएमएफ थोडा तुटला की त्यातून डायमिथिलअमाइन सुटतं, ते दुय्यम अमाइन. नायट्राइट आणि आम्ल मिळालं की नायट्रस आम्ल. दोघं एका भांड्यात. बारावीच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की आता काय तयार होणार. पण कारखान्यातल्या तपासणीत शेवटी तेच शोधलं जातं, जे शोधायचं म्हणून आधी ठरलेलं असतं. एनडीएमए शोधायचं कुणी ठरवलंच नव्हतं. जवळजवळ सहा वर्षं ते गोळ्यांतून जगभर गेलं.

एनडीएमए हा पदार्थ माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्यांच्या यादीत आहे. दिवसाला किती पोटात गेलं तर चालेल, याची मर्यादा नंतर ठरवली, ९६ नॅनोग्रॅम. एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनं परत आलेल्या गोळ्या तपासल्या तेव्हा काही गोळ्यांत ते १५ मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. भागाकार करून बघा, दीडशे पटींच्या पुढं जातं. मी त्या रात्री केला होता.

आणि आता कबुली देते. त्या जुलैत मी स्वतः बीपीची गोळी घेत होते. टेल्मिसार्टन. मी कागद घेतला, टेल्मिसार्टनची रचना काढली, आणि बघितलं की त्यात टेट्राझोलची कडीच नाही. तिथं साधा कार्बोक्सिलिक आम्लाचा गट आहे. म्हणजे ज्या वाटेनं ती घाण व्हॅल्सार्टनमध्ये शिरली ती वाट माझ्या गोळीत मुळातच नव्हती. हे मला कळत होतं, माझ्याच अक्षरात कागदावर समोर होतं. तरी मी दोन दिवस गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी घेतली, कुणाला न सांगता. तेव्हा दादाच्या खोक्याकडं बघून त्याला अडाणी म्हणायचा अधिकार मला नव्हता, आणि तसा अधिकार नाही हे मला ठाऊक होतं.

"पूर्ण खोटं नाही," मी म्हटलं. "पण तुझी गोळी ती नाही."

"कशावरनं?"

मी रचना सांगायला लागले. पंचकोनी कडी, नायट्रोजन. तो ऐकत होता, पण बैल ऐकतो तसं. मग मी माझं हुकमी शस्त्र काढलं, जे प्रत्येक शिकलेला माणूस अशा वेळी काढतो. त्याच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. त्याकडं बोट दाखवून म्हटलं, "कॅन्सरची एवढी भीती आहे तर आधी हे टाक की!"

वहिनी चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, आता बरं सापडले म्हणून. दादानं पुडी काढली, तळहातावर घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळत मळत म्हणाला:

"तंबाखू मी माझ्या हातानं मळतो. गोळीत काय मळलंय ते मला कुठं म्हाईत?"

मी गप्प झाले. तंबाखूचं तो बरोबर बोलत नव्हता. तोंडाचा कॅन्सर होऊन गेलेली दोन माणसं आमच्याच भावकीत आहेत आणि दोघांच्याही खिशात अशाच डब्या होत्या. पण गोळीबद्दल तो जे म्हणाला, त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. २०१८ पर्यंत व्हॅल्सार्टनच्या गोळीत काय मळलंय, हे डॉक्टरला माहीत नव्हतं, दुकानदाराला नव्हतं, आणि एनडीएमएपुरतं म्हणाल तर बनवणाऱ्यालाही नव्हतं.

हा प्रश्न त्याला मोबाइलनं शिकवलेला नाही. ज्याच्या शेतात बोगस बियाणं उगवलंच नाही, ज्यानं आल्याच्या कुजीवर डुप्लिकेट औषध मारून अर्धा फड घालवला, त्याला पाकिटावरची अक्षरं वाचून विश्वास ठेवायला सांगणं सोपं नाही. शिवाय गावाकडं 'औषध' या शब्दालाच दोन तोंडं आहेत. फवारतात तेही औषध, पितात तेही औषध. 'अमक्यानं औषध घेतलं' असं कुणी हळू आवाजात सांगितलं तर ऐकणारा विचारत नाही की कशासाठी. तो थेट विचारतो, वाचला का? मी शहरात राहून हे विसरले होते.

रात्री जेवणं झाल्यावर मी पडवीत बसून त्याच्या गोळीचा हिशेब मांडला. आधी स्वतःसाठी, कारण आता मलाही सगळं नीट माहीत करून घ्यायचं होतं.

दादाला पहिली गोळी मिळाली ती सरकारी आरोग्य केंद्रातून. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या टप्प्यातल्या २५ जिल्ह्यांत आपला सातारा होता. आशाताईनं त्याला ओढून नेलं, कार्ड काढून दिलं, अम्लोडिपिन ही बीपीची गोळी फुकट मिळायला लागली. चांगलं चाललं होतं, पण त्याचे पाय सुजायचे, चपलेचा अंगठा बसायचा नाही. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी जोडगोळी दिली, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड साडेबारा. हे दुसरं म्हणजे गावाच्या भाषेत लघवीची गोळी.

टेल्मिसार्टनवर एकदा बालंट आलं होतं. २०१० मध्ये काही डॉक्टरांनी जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले, त्यात सार्टन, म्हणजे टेल्मिसार्टन-व्हॅल्सार्टनच्या कुळातल्या गोळ्या, घेणाऱ्यांत ७.२ टक्क्यांना नवा कर्करोग आणि न घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना, असं निघालं. त्या माहितीतले बहुतेक रुग्ण टेल्मिसार्टनवरचेच होते. गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी एफडीएनं ३१ चाचण्या आणि दीड लाखावर माणसं घेऊन तेच गणित पुन्हा मांडलं. शंभर माणसांना एक वर्ष गोळी दिली तर सार्टन घेणाऱ्यांत नवे कर्करोग १.८२ आणि इतरांत १.८४. म्हणजे फरक नाही. २०२१ मध्ये तर ३३ चाचण्यांतल्या २,६०,४४७ माणसांची एकेकाची माहिती तपासून झाली. त्यात बीपीच्या पाचही मोठ्या प्रकारच्या गोळ्या होत्या. कुठल्याच प्रकारानं कर्करोग वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या चाचण्या साधारण चार वर्षं चाललेल्या, आणि माणूस गोळी घेतो वीस-तीस वर्षं, ही या तपासणीची उणी बाजू. ती लपवण्यात अर्थ नाही.

दर काही वर्षांनी असं होतं. आपल्याकडच्या सर्पगंधेचंच घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे लिहिलं आणि आपली मुळी जगभर गेली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. आणि १९७४ मध्ये लॅन्सेटमध्ये एकाच वेळी तीन निबंध आले की रेसरपिननं स्तनाचा कर्करोग होतो. किती बायकांनी गोळी सोडली असेल! अकरा वर्षांनी दोघा संशोधकांनी शांतपणे दाखवून दिलं की अशा अभ्यासात चूक कुठं शिरते. ज्यांना कर्करोग नाही अशा बायकांच्या गटातून हृदयाचे नि रक्तदाबाचे रुग्ण आधीच वगळलेले असले, तर त्या गटात बीपीची गोळी घेणारं उरणार कोण? मग कर्करोगाच्या गटात गोळ्या जास्त दिसणारच.

माझ्या स्वतःच्या पहिल्या गोळीवरही असाच एक डाग आहे. रॅमिप्रिल. तीन महिने कोरडा खोकला, वर्गात बोलताना ठसका. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, स्वच्छ निघाला, गोळी बदलली. नंतर २०१८ मध्येच ब्रिटनमधल्या जवळपास दहा लाख रुग्णांच्या नोंदी तपासून आलं की या जातीच्या गोळ्यांवर फुप्फुसाचा कर्करोग हजार माणसांमागे वर्षाला १.६, सार्टनवर १.२. फरक आहे, पण बारीक. आणि मला माझाच फोटो आठवला. खोकला आला म्हणून फोटो काढला. लाखो माणसांचे असे फोटो निघाले, तर कुणाचा तरी लपलेला आजार त्यात सापडणारच. तो गोळीनं केला की फोटोनं दाखवला, हे आकड्यांवरून सांगणं अवघड आहे.

खरी अडचण लघवीच्या गोळीची होती, आणि ती मी दादाला सांगावी की नाही यावर मी बराच वेळ बसले. हायड्रोक्लोरोथायझाइडनं कातडी उन्हाला हळवी होते. डेन्मार्कमधल्या अभ्यासांनी दाखवलं की आयुष्यात एकूण ५० हजार मिलिग्रॅम पोटात गेलं की त्वचेचे दोन प्रकारचे कर्करोग वाढतात, त्यातला एक चांगला चौपट. २०२० मध्ये एफडीएनं पाकिटातल्या माहितीत ते छापायला लावलं, त्यांचा अंदाज वर्षाला १६ हजार रुग्णांमागे एक जादा. हे कर्करोग बहुतेक वेळा कापून काढले की बरे होतात, आणि डेन्मार्कच्या गोऱ्या कातडीला ते जितके होतात त्यामानानं आपल्या सावळ्या कातडीला फार कमी. तरी दादा सकाळी सातपासून उन्हात. मी बोटं मोजली. साडेबारा मिलिग्रॅम रोज, म्हणजे ५० हजार व्हायला चार हजार दिवस. अकरा वर्षं. त्याची तीन झाली होती, त्यातूनही चार महिने खोक्यात.

व्हॅल्सार्टनचाही हिशेब घातला, त्याची गोळी ती नसली तरी. एफडीएचा अंदाज असा होता की सगळ्यात खराब गोळी, सगळ्यात मोठ्या मात्रेत, रोज, चार वर्षं आठ हजार माणसांनी घेतली तर त्यांच्या उभ्या आयुष्यात एकाला जादा कर्करोग होईल. आठ हजारात एक मनात बसत नाही. साताऱ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक लाख वीस हजार. तान्ह्या पोरांसकट सगळ्या साताऱ्यानं, मोती चौकापासून गोडोलीपर्यंत, ती गोळी चार वर्षं खाल्ली तर पंधरा माणसं. पंधरा माणसं म्हणजे काहीच नाही, असं मला म्हणायचं नाही. त्या पंधरा घरांत जाऊन कोण म्हणणार आहे?

पण दुसरीकडं अण्णा होते.

आमच्या वडिलांना १९८८ मध्ये अंगावरून वारं गेलं. आपल्या भाषेत पक्षाघाताला हा शब्द किती बिनदोषाचा आहे! वारं गेलं. कुणी केलं नाही, कशानं झालं नाही, वारं होतं, आलं, गेलं. पहाटे विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि कठड्याला टेकून बसले ते उठलेच नाहीत. वय अठ्ठावन्न. त्यांचा रक्तदाब किती होता हे कुणालाच माहीत नव्हतं, कधी बघितलाच नव्हता. जीपमधून साताऱ्याला आणलं, जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं नाही, दोन शब्द उरले. "असू दे."

पाणी देऊ, अण्णा? असू दे. कूस बदलू? असू दे. दिवा घालवू? असू दे. कधी त्याचा अर्थ हो असायचा, कधी नको, आणि कधी ते रागानं डाव्या हातानं खाटेवर मारत तेच म्हणायचे, कारण त्यांना तिसरंच काही सांगायचं असायचं. आई त्या दोन शब्दांचे पंधरा-वीस अर्थ ओळखायला शिकली होती. मला चार-पाचच यायचे. पाच वर्षं ते असे होते. त्यांना उचलून मोरीवर न्यायचा तो दादा.

रक्तदाबाचा वरचा आकडा १० नं उतरवला तर पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. सहा लाखांवर माणसांच्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला हा आकडा आहे. पण जे वारं आलंच नाही, त्याची बातमी कुठं छापून येत नाही. गोळी घेतली म्हणून आज मला काही झालं नाही, असा संदेश कुणी कुणाला पाठवत नाही, हात जोडलेली चित्रं लावून. गोळीनं कॅन्सर, यात एक कारखाना आहे, लबाडी आहे, लपवाछपवी आहे, गोष्ट म्हणून ती पुरी आहे. वाऱ्याच्या गोष्टीत नुसता एक कठडा आणि टेकून बसलेला माणूस.

सकाळी दादा चूळ भरायला उठला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. लघवीच्या गोळीचं आणि उन्हाचंही. लपवलं असतं आणि उद्या त्याला मोबाइलवरूनच कळलं असतं, तर मीही त्या बोगस बियाण्याच्या दुकानदारात जमा झाले असते. आकडे मी फार सांगितले नाहीत. साताऱ्याची पंधरा माणसं सांगितली. त्यानं एकच विचारलं.

"आण्णांना गोळी असती तर?"

"कुणास ठाऊक. धोका कमी झाला असता."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला खरं सांगू का, त्या मेसेजच्या आधीच मी अधनंमधनं सोडत हुतो. रोज सकाळी उठून गोळी खायाची म्हंजे रोज सकाळी आण्णा दिसत्यात. मेसेज आला, बरं झालं वाटलं. कारण गावलं."

मला वाटतं, माझ्या त्या दोन दिवसांचंही असंच काही असावं. मला तेव्हा आण्णा दिसले नव्हते, पण गोळी बाजूला ठेवताना हायसं वाटलं होतं, हे आठवतं. मी त्याला ते सांगितलं. तो पहिल्यांदा मोकळा हसला. "म्हंजे मास्तरीणबी गोळी चुकवती!" वहिनींना हाक मारून त्यानं ते पुन्हा सांगितलं. ते ऐकून वहिनी माझ्यावरच नाराज झाल्या, आणि त्यांचंही बरोबर होतं.

त्या आठवड्यात त्याला साताऱ्यात आणलं. डॉक्टरांनी त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, हे मी विशेष म्हणून नोंदवते, बाहेर चाळीस माणसं बसलेली होती. ते म्हणाले, तुमच्या कातडीला, एवढ्याशा मात्रेला मी हे औषध बदलायलाच हवं असं म्हणणार नाही, पण खोक्यात ठेवलेल्या उत्तम गोळीपेक्षा पोटात गेलेली दुसरी गोळी बरी. लघवीची गोळी काढली, दुसरी जोडी दिली, उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सांगितलं. ओठावर, कानावर, हाताच्या पाठीवर न भरणारी जखम दिसली तर दाखवा म्हणाले. तंबाखूवरही बोलले. तिथं दादा छताकडं बघत होता. एक गोष्ट त्यांनी मात्र बजावून सांगितली, की गोळीबद्दल शंका आली तर घेऊन या, मनानं थांबवू नका. व्हॅल्सार्टनच्या वेळीही नियामकांनी रुग्णांना हेच सांगितलं होतं, पर्याय हातात येईपर्यंत गोळी अचानक थांबवू नका. परत मागवल्याचे मथळे सगळ्यांनी वाचले, हे वाक्य कुणी पुढं पाठवलं नाही.

दुकानात नवीन पाकीट घेतल्यावर दादानं ते उलटं करून डोळ्यांजवळ नेलं. त्याला हवं होतं ते सापडेना. मी वाचून दाखवलं. गोळी कुठं बनली तो पत्ता होता, बॅच नंबर, तारीख, किंमत. आतलं मूळ द्रव्य कुठल्या कारखान्यातून आलं ते नव्हतं.

"म्हंजे कुणी मळलंय ते लिहिलंय. तंबाखू कुठली ते न्हाय."

"हो, तसंच."

"मग आपण फसलो तर?"

"तपासतात आता. तेव्हा शोधत नव्हते, आता शोधतात."

त्यानं पाकीट खिशात ठेवलं, पुडीच्या शेजारी. माझं उत्तर त्याला पटलं की नाही हे मला कळलं नाही. मलाही ते अर्धंच वाटलं. परतताना क्षेत्र माहुलीच्या पुलावर गाडी आल्यावर त्यानं सवयीनं कृष्णेला हात जोडले.

खोका मी बरोबर घेऊन आले. जुन्या गोळ्या दुकानदाराकडं देऊन टाकल्या, रिकामा खोका वहिनींना परत धाडला. त्या आता त्यात फोडलेली रिकामी पाकिटं जमवतात आणि महिन्याच्या शेवटी मोजतात. एखादी गोळी कमी भरते, पण एखादीच. परवाचा दादाचा आकडा १३८/८६ होता, आशाताईच्या यंत्रावर. माझ्या यंत्रावर त्याचा अजून विश्वास नाही.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आगं, ह्या महिन्याच्या पाकिटावर बद्दी लिहिलंय. ह्ये कुठं आलं?"

"हिमाचल प्रदेशात."

"थंड आसंल मग तिकडं."

"नाही रे. डोंगराच्या पायथ्याला आहे ते. उन्हाळ्यात चांगलं तापतं."

"म्हंजे आपल्यासारखंच की," तो म्हणाला. आणि मग घाईनं, "लाइट आली बघ, मोटर चालू करतो, ठेव."